कढईवरचा तेलाचा राप कसा काढावा: धातू ओळखण्यापासून भांडे पुसण्यापर्यंत

नोकरीसाठी पुण्यात पहिल्यांदा स्वतंत्र खोली घेतली, तेव्हा माझ्याकडे मोजून चार भांडी होती. आईने दिलेली स्टीलची कढई, तिचेच एक जुने हिंडालियमचे पातेले, रत्नागिरीच्या आत्याने आवर्जून पाठवलेला बिडाचा तवा आणि मी स्वतः हौसेने घेतलेला नॉनस्टिक पॅन. वर्षभरात चारही भांड्यांच्या कडांवर आणि बुडावर तपकिरी, चिकट आणि पुढे दगडासारखा घट्ट झालेला थर चढला. एका रविवारी मी तो काढायला बसलो आणि संध्याकाळपर्यंत पातेले काळे झाले, तव्याला गंज धरला आणि पॅनवर ओरखडे उमटले. म्हणजे चारपैकी तीन भांडी रापाने बिघडली नव्हती, ती मी साफसफाई करताना बिघडवली होती.

त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच लक्ष घातले. जे प्रथमच स्वतःचे स्वयंपाकघर सांभाळत आहेत, किंवा ज्यांच्या ताब्यात घरातील जुनी भांडी आली आहेत, त्यांच्यासाठी हा क्रम लिहीत आहे. यातील पहिल्या दोन पायऱ्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत, परंतु बहुतेक जण नेमक्या त्याच गाळतात.

१. डाग कशाचा आहे ते आधी ओळखा

भांड्यावरचा प्रत्येक काळा डाग तेलाचा नसतो. डाग कशाचा, यावर पुढचे सर्व उपाय अवलंबून असल्यामुळे भांडे उजेडात धरून नीट पाहावे आणि डागावरून नख फिरवावे.

तेलाचा राप पिवळसर, तपकिरी किंवा काळपट असून त्याला लाखेसारखी चकाकी असते. ताजा असेल तर तो बोटाला चिकटतो आणि जुना असेल तर नखाखाली काचेसारखा गुळगुळीत लागतो. तो बहुधा तेलाच्या पातळीच्या वर, काठावर, कानांच्या सांध्यांत आणि बाहेरच्या बाजूने दिसतो. तेलात बुडालेला भाग मात्र बऱ्यापैकी स्वच्छ राहतो आणि त्याला कारण आहे. उडालेल्या तेलाचा पातळ थर गरम धातूवर पसरतो, त्याला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून त्यांचे जाळे तयार होते. जवसाच्या तेलातला रंग लाकडावर वाळून कडक होतो, त्यामागची क्रिया हीच आहे. असे जाळे झाल्यावर ते तेल द्रवरूप उरत नाही, त्याचे एक प्रकारचे वार्निश बनते. भांड्याच्या साबणाने ते का निघत नाही, याचे उत्तर यातच आहे. साबण द्रव तेलाचे बारीक थेंब वेगळे करून पाण्याबरोबर वाहून नेतो, पण वार्निशचे थेंब होत नाहीत.

करपलेले अन्न वेगळे. ते काळे, निस्तेज आणि खरखरीत असते व बहुधा आतल्या बाजूस बुडाला बसते. दुधाची किंवा भाताची खरपुडी याच प्रकारात येते. ती गरम पाण्यात तासभर भिजवून, थोडा खाण्याचा सोडा घालून उकळली की बहुतांशी सुटते (अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात मात्र सोडा उकळू नये).

पांढरे ठिपके किंवा कडा म्हणजे पाण्यातले क्षार, आणि स्टीलवर दिसणारी निळी-जांभळी झाक म्हणजे जास्त उष्णतेने धातूवर तयार झालेला ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. या दोन्हींवर व्हिनेगर किंवा लिंबू चालते. कुकरच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याच्या आतली बाजू पाण्याच्या पातळीपर्यंत एकसारखी राखाडी-काळी झाली असेल, तर तोही तेलाचा डाग नसतो. तो धातूचाच काळवंडलेला थर असतो आणि त्यालाही आंबट पदार्थच लागतो. थोडक्यात, तेलाला सोडा आणि क्षारांना आंबट. या दोहोंची अदलाबदल झाली की कितीही घासले तरी हाती काही लागत नाही.

२. भांडे कोणत्या धातूचे आहे ते तपासा

फ्रिजवर चिकटवलेला एखादा चुंबक काढून आणावा. लोखंडाला आणि बिडाला तो घट्ट चिकटतो. बीड जाडजूड आणि वजनदार असते व त्याचा पृष्ठभाग किंचित खरबरीत लागतो, तर पत्र्याचे लोखंड पातळ असते. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक मुळीच चिकटत नाही आणि भांडे आकाराच्या मानाने हलके लागते. हिंडालियम ही अ‍ॅल्युमिनियमचीच मिश्रधातू असल्यामुळे त्याला अ‍ॅल्युमिनियमचे सर्व नियम लागू होतात. गडद राखाडी, मंद चमकीच्या ‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड’ कढयाही आतून अ‍ॅल्युमिनियमच असतात.

स्टीलच्या बाबतीत चुंबक थोडा फसवतो. अनेक चांगल्या स्टीलच्या भांड्यांना तो चिकटत नाही, परंतु इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या बुडाला चिकटतो. स्टील ओळखण्यास त्याची आरशासारखी चमक आणि वजन पुरेसे आहे. मात्र जाड बुडाचे स्टीलचे भांडे असेल तर ते उलटे करून बुडाची कड पाहावी. दोन स्टीलच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर दाबून बसवलेला असतो आणि काही भांड्यांत तो कडेला उघडा दिसतो. असे भांडे सोड्याच्या पाण्यात अख्खे बुडवू नये.

३. साहित्य जमवा

बहुतेक वस्तू कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात.

– धुण्याचा सोडा, पाव किलो. स्टील, लोखंड आणि बीड यांसाठी.
– खाण्याचा सोडा, १०० ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियम आणि नॉनस्टिकसाठी.
– व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व.
– भांड्याचा द्रव साबण.
– रबरी हातमोजे.
– लाकडी उलथने आणि एखादे मुदत संपलेले प्लास्टिकचे बँक कार्ड.
– नारळाची शेंडी, हिरवी घासणी आणि तारेची घासणी, तिन्ही वेगवेगळ्या.
– जुना टूथब्रश, जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या आणि वर्तमानपत्र.
– भांडे बुडेल एवढे मोठे स्टीलचे पातेले. ते अ‍ॅल्युमिनियमचे नसावे.

या यादीतल्या दोन सोड्यांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नवख्या माणसाचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा सामू (pH, म्हणजे आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा; ७ च्या वर अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे) सुमारे ८ असतो, म्हणजे तो अगदी सौम्य आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि त्याच्या द्रावणाचा सामू ११ च्या आसपास जातो. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे तीव्रतेत दहापट फरक, त्यामुळे ही दोन द्रावणे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. तेलाच्या रेणूंचे दुवे तोडून त्यांचा साबण करण्याचे काम तीव्र अल्कधर्मी द्रावणच नीट करते. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन मोरीत बसणाऱ्या आपल्या आज्या हेच करत होत्या. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते धुण्याच्या सोड्याचे सख्खे भावंड आहे.

धुण्याचा सोडा दोन रूपांत मिळतो. स्फटिकासारख्या खड्यांत वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश पाणीच असते, म्हणून कोरडी पूड ३० ग्रॅम लागत असेल तेथे खडे सुमारे ८० ग्रॅम घ्यावे लागतात. धुण्याचा सोडा मिळाला नाही, तर खाण्याचा सोडा कोरड्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास हलवत भाजावा. त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. वजन एक तृतीयांशाहून थोडे अधिक घटते. भाजलेली पूड दिसायला पूर्वीसारखीच पांढरी असल्यामुळे डब्यावर नाव लिहून ती स्वयंपाकाच्या सामानापासून दूर ठेवावी. बेकिंग पावडर मात्र या कामाची नाही, कारण तिच्यात सोड्याबरोबर आम्लही मिसळलेले असते.

४. सैल तेल आधी पुसून घ्या

भांडे किंचित कोमट करून वर्तमानपत्राने सगळे ओशट पुसून काढावे आणि तो कागद कचऱ्यात टाकावा. हे तेल मोरीत सोडले तर ते पुढे नळीत जाऊन थिजते. त्यानंतर गरम पाणी आणि द्रव साबण वापरून भांडे नेहमीसारखे घासावे. एवढ्यावर जे निघते ते निघू द्यावे. जे उरते तो खरा राप, आणि पुढची मेहनत फक्त त्याच्यासाठी आहे.

५. स्टीलची कढई: सोड्याच्या पाण्यात उकळणे

स्टीलला सोड्याचा त्रास होत नाही, म्हणून येथे सर्वांत प्रभावी उपाय करता येतो.

मोठ्या पातेल्यात थंड पाणी घ्यावे आणि दर लिटरला धुण्याच्या सोड्याची पूड दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, विरघळवावी. सोडा थंड पाण्यातच घालावा. उकळत्या पाण्यात कोणतीही पूड एकदम टाकली की पाणी उसळते, आणि खाण्याचा सोडा तर फसफसून थेट शेगडीवर येतो. मग कढई त्यात आडवी किंवा उलटी बुडवावी. कढईतच पाणी भरून उकळण्याची चूक मी दोनदा केली. आतली बाजू लख्ख झाली, परंतु राप काठावर आणि बाहेर होता, तो जसाच्या तसा राहिला.

पाण्याला उकळी आली की आच मंद करून वीस ते तीस मिनिटे ठेवावे. झाकण ठेवू नये, कारण फेस वर येतो. खिडकी उघडी ठेवावी. आठ-दहा मिनिटांनी पाणी पिवळसर आणि मग चहासारखे तपकिरी होऊ लागते आणि जुन्या तळणीचा खवट वास सुटतो. काम सुरू झाल्याची ही खूण आहे. गॅस बंद करून भांडे त्याच पाण्यात हाताला सोसेल इतके निवू द्यावे. या निवण्याच्या वेळातही राप सैल होत असतो, म्हणून घाई करू नये.

आता हातमोजे घालून भांडे बाहेर काढावे आणि बँक कार्डाची कड राप आणि धातू यांच्या सांध्यावर तिरकी लावून पुढे ढकलावी. पहिल्यांदा हे केले तेव्हा मला स्वतःलाच खरे वाटले नव्हते. ज्या डागावर मी तारेची घासणी घेऊन अर्धा तास झटलो होतो, तो ओल्या पापडासारखा मऊ होऊन एका बाजूने उचलला गेला आणि बोटभर लांबीचा तपकिरी पापुद्रा कार्डाबरोबर गुंडाळत आला. त्याखालचे स्टील नव्यासारखे होते. सगळे एका फेरीत निघेलच असे नाही. उरलेल्या डागावर जोर काढण्यापेक्षा ताजे सोड्याचे पाणी करून दुसरी फेरी द्यावी. कामाला लावायचा तो वेळ आणि सोडा, मनगट नव्हे.

कानांच्या रिव्हेटभोवती साठलेला राप टूथब्रशने काढावा. भांड्याची मूठ काळ्या बेकलाइटची असेल तर ती पाण्याबाहेर राहील असे भांडे टेकवावे, आणि स्क्रूची असेल तर सरळ काढून ठेवावी.

भांडे बुडेल एवढे पातेले नसल्यास, किंवा बूड मघाशी सांगितलेल्या उघड्या कडेचे असल्यास, धुण्याचा सोडा आणि थोडे गरम पाणी यांचा दाट लेप करावा. सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून राप असेल तेवढ्याच भागावर गुंडाळाव्यात, वरून प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि रात्रभर ठेवावे. पिशवीचे काम लेप ओला ठेवण्याचे आहे, कारण वाळलेला सोडा काहीच करत नाही.

शेवटी भांडे भरपूर पाण्याने विसळून थोड्या व्हिनेगरने पुसावे, पुन्हा धुवावे आणि लगेच कोरडे करावे. बोअरचे जड पाणी असेल तर सोड्यामुळे पाण्यातला कॅल्शियम पांढऱ्या भुकटीसारखा खाली बसतो आणि भांडे धुऊनही अस्वच्छ दिसते. व्हिनेगरने ती भुकटी विरघळते.

६. अ‍ॅल्युमिनियम आणि हिंडालियम: धुण्याचा सोडा नकोच

आता माझ्या पातेल्याची हकीकत सांगतो. स्टीलवरच्या यशाने फुशारून मी तेच पाणी हिंडालियमच्या पातेल्यात ओतले. पाणी उकळायच्या आतच आतल्या भिंतीवरून केसासारख्या बारीक बुडबुड्यांच्या रांगा वर येऊ लागल्या. मला वाटले, राप सुटतो आहे. प्रत्यक्षात धातूच विरघळत होता. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचे जे नैसर्गिक संरक्षक आवरण असते, ते तीव्र अल्कधर्मी द्रावणात टिकत नाही. आवरण गेल्यावर धातूची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. ते बुडबुडे त्या हायड्रोजनचे होते. वीस मिनिटांनी पातेले आतून कोळशाच्या रंगाचे झाले होते आणि हात फिरवला की बोटे काळी होत होती.

म्हणून अ‍ॅल्युमिनियमला पुढीलप्रमाणे हाताळावे. उकळते पाणी आणि द्रव साबण घालून भांडे अर्धा तास भिजवावे. मग तीन भाग खाण्याचा सोडा आणि एक भाग पाणी यांचा लेप रापावर लावून पंधरा-वीस मिनिटांनी नारळाच्या शेंडीने गोल गोल घासावे आणि धुवून टाकावे. लेप रात्रभर ठेवू नये आणि सोड्याचे पाणी भांड्यात उकळू नये. आवश्यक वाटल्यास हेच दोन-तीन दिवस लागोपाठ करावे. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाहेरच्या बाजूला साबण लावून तारेची घासणी वापरली तरी चालते. बारीक चरे पडतात, पण भांडे बिघडत नाही. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढईवर मात्र तार मुळीच नको, कारण तिच्यावरचा राखाडी थर हेच तिचे चिलखत असते.

येथे माझे स्पष्ट मत असे की अ‍ॅल्युमिनियमच्या कढईचे बूड बाहेरून पूर्ण चकचकीत करण्याच्या नादी लागू नये. बाहेरून काळी असलेली कढई भजी काही वाईट तळत नाही. चिकटपणा गेला, हाताला आणि ओट्याला तेल लागेनासे झाले, की काम झाले असे मानावे.

पातेले किंवा कुकर आतून काळा पडलाच असेल, तर पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व, किंवा पिळून उरलेल्या लिंबाच्या साली, किंवा मूठभर चिंचेचा चोथा घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावे. काळेपणा बराच उतरतो. कुकरमध्ये डाळ-भात लावताना तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकण्याची जी पद्धत घरोघरी आहे, तिचे कारणही हेच. कुकर उकळताना झाकणाची रबरी रिंग, शिट्टी आणि सुरक्षा झडप यांना सोड्यापासून आणि आम्लापासून दूर ठेवून ते भाग साध्या साबणाने धुवावेत.

७. लोखंडी कढई आणि बिडाचा तवा: काय काढायचे आणि काय ठेवायचे

या भांड्यांच्या बाबतीत राप हा शत्रू आहे की मित्र, हे आधी ठरवावे लागते. बिडाच्या तव्यावर जो काळा, गुळगुळीत, कोरडा थर असतो, तोही तेलाचाच बनलेला असतो आणि त्याच्यामुळेच घावन न चिकटता सुटते. आत्याच्या तव्यावरचा तो थर मी ‘घाण’ समजून तारेच्या घासणीने आणि सोड्याने पांढुरका होईपर्यंत खरवडला होता. मे महिन्यात ती पुण्यात आली आणि तवा हातात घेऊन उलटसुलट पाहत म्हणाली, “अरे, वीस वर्षं मी याला तेल पाजलं. तू एका सकाळीत सगळं घासून टाकलंस?” पुढे ती रागावली नाही, पण तिने तवा माझ्या हातात परतही दिला नाही. स्वतःच गॅससमोर उभी राहिली.

चांगला थर आणि वाईट राप यांतला फरक बोटाला कळतो. चांगला थर कोरडा, पातळ आणि सर्वत्र सारखा असतो. वाईट राप चिकट, उंचसखल, खवट वासाचा किंवा पोपडे सुटणारा असतो. चिकटपणा थोडाच असेल तर सोड्याची गरज नाही. तवा मध्यम आचेवर तापवावा, त्यावर जाडे मीठ पसरावे, घडी केलेल्या सुती कापडाने मीठ जोरात फिरवावे आणि झटकून टाकावे. पोपडे सुटत असतील, अन्नाला काळे कण लागत असतील किंवा खाली गंज दिसत असेल, तरच पाचव्या पायरीप्रमाणे सोड्याच्या पाण्यात उकळून सगळा थर काढावा. अल्कधर्मी पाणी लोखंडाला खात नाही, परंतु थर निघालेले लोखंड ओले राहिले की तासाभरात गंजू लागते. त्यामुळे तवा बाहेर काढला की विसळून, पुसून थेट गॅसवर चढवावा आणि पूर्ण कोरडा करावा. तापलेल्या बिडावर गार पाणी कधीही ओतू नये, ते तडकते.

यानंतर नवा थर चढवायचा असतो. आत्याने केले ते असे: कोरडा तवा तापवून खाली उतरवला, अर्धा चमचा तेल सगळीकडे, मागच्या बाजूलाही, चोळले आणि मग कोरड्या फडक्याने ते जणू चुकून लागले आहे अशा तऱ्हेने पुसून काढले. नंतर तवा पुन्हा आचेवर ठेवला आणि धूर येऊन थांबेपर्यंत तापवला. असे चार वेळा. तेल जास्त राहिले की थर कडक न होता चिकट होतो आणि आपण जेथून निघालो तेथेच परत येतो. सूर्यफूल, करडई किंवा सोयाबीनचे तेल यासाठी चांगले, कारण त्यांचे जाळे लवकर विणले जाते. खोबरेल तेल आणि तूप मुख्यतः संतृप्त असल्याने या कामात मागे पडतात. गंमत अशी की स्टीलच्या कढईला जी तेले लवकर राप चढवतात, तीच बिडाच्या तव्याला हवी असतात.

पुढचे काही दिवस तव्यावर आंबट काही करू नये. घावनाआधी अर्धा कांदा किंवा वांग्याचा देठ तेलात बुडवून तव्यावर फिरवावा. माझे पहिले तीन घावन चिकटले. चौथ्याची कड आपण होऊन सुटली.

८. नॉनस्टिक

नॉनस्टिकवर साठलेला तपकिरी राप हा लेपाच्या वर बसलेला असतो आणि तो तसाच राहिला की पॅन चिकटू लागतो. पॅनमध्ये पाणी घेऊन त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवावा, दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावा, निवल्यावर मऊ स्पंजाने पुसावा. लाकडी उलथन्यापेक्षा कठीण वस्तू लावू नये. हिरवी घासणीसुद्धा नको, कारण तिच्यात घासण्याचे कठीण कण असतात. लेप निघू लागलेला पॅन साफ करण्यात वेळ घालवू नये. तो बदलावा. राप जाळून टाकण्यासाठी रिकामा पॅन तापवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा लेप खराब होऊ लागतो आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तेथवर पोचतो.

९. पितळ आणि कल्हई

कल्हईच्या पितळी पातेल्यावर तेल बसले असेल तर गरम पाणी, साबण आणि शेंडी एवढेच वापरावे. कल्हई म्हणजे कथिलाचा थर. तो तारेने खरवडला जातो, तीव्र सोडाही त्याला सोसत नाही आणि २३२ अंशांना कथिल वितळते, त्यामुळे असे भांडे रिकामे तापवू नये. बाहेरच्या पितळेला चिंच किंवा कोकम आहेच.

१०. हमखास होणाऱ्या चुका

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओतणे ही सर्वांत लोकप्रिय चूक आहे. फसफसणे पाहून समाधान मिळते, परंतु सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरते ते जवळजवळ निरुपद्रवी आणि तितकेच निरुपयोगी खारट पाणी. दोन्ही वापरायचे असतील तर आधी सोडा, मग भांडे धुवून शेवटी व्हिनेगर.

शौचालय साफ करण्याचे आम्ल भांड्याला लावू नये. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि राप तसाच राहतो. असे आम्ल आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो, तेव्हा मोरीत दोन्ही बाटल्या शेजारी उघड्याही ठेवू नयेत.

कॉस्टिक सोडा आणि तो असलेले ओव्हन साफ करायचे फवारे राप झटपट काढतात, हे खरे. पण ते कातडी आणि डोळे यांना भाजतात. नवख्याने घरच्या कढईसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये. वापरायचेच ठरले, तर हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडून, आणि सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. चिमणीची जाळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते, म्हणून तिलाही कॉस्टिक लावू नये.

११. राप पुन्हा चढू नये म्हणून

मोठ्या आचेवर कढईच्या भिंतींवरून ज्वाळा वर येतात आणि काठ बुडापेक्षा जास्त तापतो. तेथे उडालेला थेंब लगेच चिकटतो. ज्वाळा बुडाच्या आत राहतील एवढीच आच ठेवल्यास राप बराच कमी होतो. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापवण्याचाही थेट संबंध आहे. तेल दाट आणि गडद होते तेव्हा त्यात तीच गुंफलेली संयुगे वाढलेली असतात. म्हणूनच भारतातील अन्नसुरक्षा नियमांत तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल तापून बिघडताना तयार होणाऱ्या पदार्थांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल फेसाळू लागले, गार असतानाही दाट राहिले किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरावू लागले, तर ते टाकून द्यावे.

दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत चकल्यांचा घाणा संपला की कढई कोमट असतानाच काठ आणि बाहेरची बाजू वर्तमानपत्राने पुसावी आणि गरम साबणाच्या पाण्याने धुवावी. या टप्प्यावर डाग अजून पिवळा असतो, नखाला चिकटतो आणि दोन मिनिटांत निघतो. तीच कढई पुसल्यावाचून दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांसाठी पुन्हा तापवली, तर संध्याकाळी सोड्याचे मोठे पातेले काढावे लागते.